सातव्या प्रकरणातली बायको

१२ एप्रिल १९३१, नंदुरबार
सातवा चॅप्टर पुरा. कादंबरीचा विषय : अचानक संकट आलं तर मन कसं थाऱ्यावर ठेवावं. नायकाची बायको तापानं जाते. नायक विहिरीवर स्नान करतो, शांतपणे भाकर खातो, शेतात जातो. बायकोचं गोंदण, पाय ओढत चालणं, सगळं सौ.चंच घेतलं. घरात पिकतं ते बाजारातून कशाला आणा?
संध्याकाळी वाचून दाखवलं. सौ. डाळ निवडत होती. म्हणाली, मग ती भाकर कोनी थापी? म्हटलं, किरकोळ तपशील. सूप उचलून आत गेली. इफेक्ट जबरदस्त.

१५ एप्रिल
सौ. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या झोक्यांना, माहेरी गेली, नवापूरला. भाऊ छगन न्यायला आला होता. इतकी वर्षं मी पाठवत नसे. घरचं कोण बघणार? यंदा विचारलंच नाही तिनं. सोबत ट्रंक नेली. लुगडी मिरवायची हौस, दुसरं काय.

१६ एप्रिल
एकांत. लेखनाला उत्तम. स्वयंपाक स्वतः करणार, नायकासारखा.

१७ एप्रिल
भाकर तव्याला चिकटली. तवा जुना आहे. लेखन नाही.

२० एप्रिल, आखाजी
शेजारच्या जन्नतबीनं भिंतीवरून विचारलं, काकी कब आयेगी? म्हटलं, सण झाला की. म्हणे, झूला झूलनेकू कोई पेटी लेके जाता क्या, काका? बाई अडाणी, पण मनानं साफ.

२७ एप्रिल
आली नाही. रीतीप्रमाणे आपण आणायला जायचं असतं. मुद्दाम गेलो नाही. एकदा गेलं की बायको डोक्यावर बसते. तिलाच करमणार नाही माझ्यावाचून.

४ मे
फुटाण्यांनी पोट बिघडलं. तिच्या जिवाला घोर नको म्हणून उद्या नवापूरला जातो. सातवा चॅप्टर बदलला. नायिका आता मरत नाही. तापातून उठते आणि नायकाला भाकर करून वाढते. हे ऐकलं की लगेच निघेल.

५ मे
सौ. ओट्यावर भावजयांबरोबर कुरडया घालत होती. हसत होती. तिचं हसणं इतकं मोठं असतं हे लक्षात नव्हतं. मला पाहून उठली, पाट मांडला, पाहुण्यासारखं गूळपाणी दिलं.
चॅप्टर वाचला. नायिकेचा ताप उतरला तेव्हा सौ.नं हात थांबवून ऐकलं. नायिका चुलीपुढे बसली तशी म्हणाली, यानापेक्षा मरेलच बरी व्हती ती. भावजया पदरात तोंड घालून हसल्या. छगन उगाच चूळ भरायला उठला.
मी म्हटलं, चल आता, ट्रंक घे. ती म्हणाली, दुपारनी गाडीले गर्दी नही ऱ्हास, तीच धरा.
रुसली असली तरी काळजी किती!
एकट्यानं दुपारची धरली. गर्दी खरंच नव्हती.