हिरवा ठिपका

प्रिय ताई,

हे पत्र तिसऱ्यांदा सुरू करते आहे. सकाळपासून पायाला भिंगरी लागल्यासारखी घरात फिरते आहे. खिडकी उघडते, लावते, पुन्हा उघडते. चहा केला आणि गाळायचाच विसरले. फोन करावा, तर तुझा आवाज ऐकला की मी विषय बदलते, हे आता माझं मलाच कळून चुकलंय. गेल्या रविवारी तू जीव तोडून त्या भट्टीबद्दल बोलत होतीस आणि मी मध्येच तुला विचारलं, पडद्यांना कुठलं कापड चांगलं. कागदावर तशी पळवाट नाही, म्हणून लिहिते.

आधी चिऊचं सांग. दम्याचा तो निळा पंप आता ती स्वतः नीट ओढते का? परवा फोनवर मला म्हणाली, मावशी, मी जिन्यात मध्येच थांबते, पण दमून नाही गं, मजा म्हणून थांबते. सात वर्षांची पोर! खोटं बोलण्यात अगदी मावशीवर गेली आहे. मी हसले आणि फोन ठेवला.

कचरा जाळून वीज करायचा तो कारखाना एका भट्टीवरच तुमच्या दवाखान्याला पुरून उरलाय. आता दुसरी भट्टी. गुरुवारी जनसुनावणी, मग शिक्का, की झालं. तू ड्यूटी संपवून गल्लोगल्ली सह्या घेत फिरतेस हे मला चिऊकडून कळलं. आणि ज्या अहवालाच्या जोरावर हे सगळं चाललंय, त्याच्या लेखकाला तू रोज शिव्या घालतेस हे तुझ्याकडूनच. एसीत बसून कुणीतरी खरडलंय, त्याला आठ दिवस माझ्या दवाखान्यात बसवा, असं म्हणालीस. मी हूं म्हटलं होतं.

मला ही नोकरी लागली तेव्हाचं आठवतं? पर्यावरण आणि आरोग्याच्या धोरणांवर सरकारला सल्ला देणारी कंपनी, असं मी ऐटीत सांगितलं. आई म्हणाली, सल्ला विकत घेतात? मी तर जन्मभर फुकट वाटला, घरात एकानं घेतला नाही. तू हसून हसून खाली बसलीस. पण आईला मी एक सांगितलं नव्हतं, की विकतचा सल्लाही कुणी पूर्ण वाचत नाही. आमचा अहवाल दोनशे पानांचा असतो आणि वाचली जातात पहिली दोन. त्या दोन पानांवर हवा, पाणी, आरोग्य अशी एकेक ओळ आणि तिच्यापुढे एक रंगीत ठिपका. लाल, पिवळा किंवा हिरवा. बैठकीत साहेब लोक फक्त ठिपके बघतात. बाकी जे काही अडचणीचं असेल ते मागे परिशिष्टात जातं. परिशिष्ट म्हणजे आपल्या घरातला माळा. टाकलेलं सगळं असतं तिथे, पण वर चढून बघतो कोण?

दीड वर्षापूर्वी मी हवा मोजायचं यंत्र घेऊन तुझ्याकडे आले होते, तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. यंत्र खरं म्हणजे तुझ्या दवाखान्याच्या अंगणात लावायचं होतं. पण चोवीस तास चालणारा प्लग एकच, आणि त्यावर लसींचा फ्रिज. तू म्हणालीस, तो मी काढू देणार नाही, आणि तुझं बरोबरच होतं. एक वेगळी तार ओढून घ्यायला चार दिवस लागले असते. यंत्र लावायला माझ्याकडे दोनच होते. मी यंत्र पाणीपुरवठ्याच्या ऑफिसच्या गच्चीवर नेलं. तिथे वीज होती, कुलूप होतं, पहारेकरी होता. मी निघताना तू बाहेर आलीस, आई कपडे वाळत घालण्याआधी धरायची तसं बोट ओलं करून वर धरलंस आणि म्हणालीस, अगं, या दिवसांत वारा भट्टीकडून आमच्याकडे येतो, त्या गच्चीवर तुला काय डोंबल सापडणार?

काहीच सापडलं नाही. सहा आठवडे हवा स्वच्छ. मग तू तुझी लाल पुठ्ठ्याची वही दाखवलीस. वाफ द्यायला आणलेलं प्रत्येक पोर, त्याचं वय, त्याची गल्ली, आणि शेवटच्या रकान्यात धूर कुठे चाललाय त्याचा छोटासा बाण. मी ती चाळली आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाले, ताई, वही चालत नाही, यंत्राचे आकडे लागतात.

तुझी समजूत अशी, की मी नुसती यंत्र लावणारी, लिहिणारा कुणीतरी वरचा. ती मी मोडली नाही. ताई, तो अहवाल मी लिहिला. हवेपुढचा हिरवा ठिपका माझा. आणि माझ्यावर कुणी दबाव आणला असंही नाही, तेवढी तरी सबब हवी होती मला. आमच्या कंपनीतल्या साहेबांनी फक्त विचारलं, आकडे काय म्हणतात? मी म्हटलं, स्वच्छ. वाऱ्याचं मला आठवत होतं. पण यंत्र पुन्हा लावायचं तर मुदत टळली असती, आणि चूक माझी आहे हे सांगावं लागलं असतं. चिऊला पहिल्यांदा दवाखान्यात ठेवलं तेव्हा मला वाटलं, आता बोलावं. नाही बोलले. मला माझी लाज वाटते.

मागच्या आठवड्यात साहेबांना सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, गेला तो अहवाल गेला, पुढच्या वेळी जपून. मी विचारलं, पुढच्या वेळी कुणाचं पोर? त्यावर त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. यात शौर्य काही नाही, दीड वर्ष उशीरच आहे.

हे पत्र लिहिलं ते यासाठी, की गुरुवारी बोलणाऱ्यांच्या यादीत मी नाव दिलंय आणि माझा नंबर तुझ्या आधी आहे. तिथे सगळ्यांसमोर मी सांगणार आहे, की यंत्र चुकीच्या जागी लावलं ते मी, आणि ठिपका दिला तो मी. हे तुला भरल्या सभागृहात पहिल्यांदा ऐकावं लागू नये. सुनावणी घेणारे विचारतील, मग तुमच्याकडे पुरावा काय? तेव्हा मी तुझ्याकडे बघेन. ती वही बरोबर आण. वाटलं तर उठून दे. माझं तोंड बघायची इच्छा नसेल तर नको उठूस, ते मी समजेन. तरीही मी सांगेन, की अशी एक वही आहे, ती मी हातात धरली होती, आणि मला ती परिशिष्टातसुद्धा घ्यावीशी वाटली नव्हती.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
धाकटी