आखाजीआधीचा आंबा

२८ मार्च १९३८, भडगाव

खाली कोळसा, वर कच्चं पीठ! आज तिसऱ्यांदा. आतलं केळी-गुळाचं सारण तेवढं छान शिजलं होतं, ते बोटानं काढून खाल्लं. बाकीचं म्हशीपुढे. तिनं तक्रार केली नाही.

माहेरी, भुसावळला रेल्वेच्या चाळीत, शेजारच्या गार्डाची बायको हा टार्ट करायची तेव्हा किती सोपं वाटायचं. पिठात तूप चोळायचं, गार पाण्यानं जेमतेम गोळा करायचा, लाटून त्यात फळ भरायचं, कडा दुमडायच्या, की भट्टीत. तिच्याकडे लोखंडी भट्टी होती. माझ्याकडे पातेलं, त्यात तापवायला गिरणा नदीची वाळू आणि हट्ट.

३० मार्च

खरं काय ते लिहिते. हा सगळा खटाटोप सासूबाईंसाठी. लग्नाला दहा महिने झाले, अजून त्यांनी माझ्या हातचा घास खाल्लेला नाही. ख्रिस्ती गार्डाच्या घरची बिस्किटं खाऊन वाढलेली सून — म्हणजे बाटलेलीच! भांडत नाहीत, टोचून बोलत नाहीत. स्वतःची भाकरी स्वतः थापतात आणि चुलीपलीकडे बसून खातात. बोलल्या असत्या तर उत्तर तरी दिलं असतं.

हे म्हणाले, मग भाकरीच चांगली कर की. पण भाकरीत त्या मला सात जन्म हरवतील. आणि लपवायचं कशाला? जे खाऊन मी बाटले, तेच त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या चुलीवर, त्यांच्याच तुपात करणार. बघू देत, यात विष कुठे आहे ते.

५ एप्रिल

सासूबाई बोलल्या! माझं पुन्हा करपलेलं पाहून त्यांना राहवेना. ‘खाले एकला ताव काय करी? वरतून बी पायजे.’ पुरणाचे मांडे भाजायचं जुनं खापर घेऊन आल्या — तडा गेलेलं, नवं कुठलं मला देतात! त्यात निखारे भरले आणि पातेल्याच्या झाकणावर ठेवलं.

टार्ट दोन्हीकडून बदामी. त्यांनी खाल्ला नाही. पण वास घेतला, मी चोरून पाहिलं.

९ एप्रिल

पुन्हा केळ्याचे. ह्यांनी चार फस्त केले. सासूबाईंचं म्हणणं, केळं काय, रोजचंच. म्हणजे केळ्यावर राग आहे, माझ्यावर नाही! आशेला काय, एवढं पुरतं.

१७ एप्रिल

बाबांनी ओळखीच्या माणसाबरोबर चार आंबे पाठवले, सुरतेकडचे. रोजचं फळ नाही, बघा आता! लगेच फोडी करून भरले. घरभर घमघमाट.

सासूबाईंनी हात पुढे केला. खरंच केला! टार्ट मोडला, आतला पिवळा रंग पाहिला आणि हात तिथेच थांबला. ‘आजून आखाजी व्हयनी नही. पितरसले दिधाबिगर आंबा कसा खाऊ?’ ताटली हळूच माझ्याकडे सरकवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ह्यांनी समजावून सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याच्या घागरी पुजतात, त्यांच्या पानावर आमरस वाढतात. तोवर घरातली मोठी माणसं आंब्याला तोंड लावत नाहीत. हे पोराटोरांनाही ठाऊक असतं म्हणे. मला कोण सांगणार? आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. बाबा सदा इंजिनावर. आमच्या खोलीत घागर कधी पुजलीच नाही, आंबा आला की खाल्ला.

दहा महिन्यांनी एक हात पुढे आला, आणि मी त्यात काय ठेवलं!

१८ एप्रिल

आज काही केलं नाही. वाळू परसात ओतून टाकली.

२३ एप्रिल

भाकरी थापता थापता सासूबाईंनी अचानक विचारलं, ‘तुनी मायनं नाव काय व्हतं?’ सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली.

कशाला विचारलं असेल? ह्यांनी काहीतरी सांगितलंय. विचारलं तर हे नुसतेच हसतात.

२९ एप्रिल

परसातली वाळू कुणीतरी भरून पुन्हा चुलीशी ठेवली आहे. चाळलेली!

आखाजी

ह्या घरात दरवर्षी तीन घागरी पुजतात म्हणे. आज चार होत्या.

सकाळीच सासूबाई म्हणाल्या, ते तुझं आंब्याचं कर. निखारे त्यांनीच भरले, नव्या खापरात. पहिला टार्ट पितरांच्या पानावर ठेवला. दुसरा चौथ्या घागरीपुढे. ‘हाऊ सुंदरबाईना,’ म्हणाल्या. आईचं नाव ह्या घरात कुणी घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. घागरीला हात लावून खूप रडले.

तिसरा त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि खाल्ला. गूळ जरा कमी पडला म्हणाल्या.