चौदा नंबरचा बिल्ला

शुक्रवार, संध्याकाळ

पोचलो एकदाचे! चार तास लांबूने गाडी चालवली आणि चार तास गाणी म्हणून आमचे कान किटवले. त्याच्या बायकोला सवय असावी, ती मागे ढाराढूर झोपली होती. नदीकाठी लाकडी खोल्या आहेत. चार खाटा, एक किटली, खिडकीखाली पाण्याचा नुसता गोंगाट. उद्या म्हणे त्याच पाण्यात रबरी बोटीतून जायचं आहे.

मला परदेशी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले. ताई माझी मावसबहीण, तिच्याच घरी राहते. लांबू तिच्या हॉस्पिटलातला, हा घाट त्या दोघांचा. मला पोहता येतं ते तलावापुरतं, हे मी तीनदा सांगून पाहिलं. ताई म्हणाली, "ठमे, मी आहे ना." ठमी हे नाव तिनेच ठेवलेलं. ती असं म्हणाली की माझं पुढे काही चालत नाही. लहानपणी मी तिला झोपाळ्यावरून पाडलं होतं, तरी घरी तिने माझं नाव सांगितलं नाही. हनुवटीवर डावीकडे ती खूण अजून आहे. आज चहा पिताना तिने तीच दाखवून मला चिडवलं.

शनिवार, संध्याकाळ

सगळे सुखरूप. हे आधी लिहून टाकते.

बोटींच्या शेडमध्ये खिळे मारलेला एक फळा आहे. नदीवर जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिळ्याला लावायचा आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. आमची गाइड पन्नाशीची, उन्हाने रापलेली बाई. तिने हे दोनदा बजावलं. फळ्यावर एक जरी बिल्ला दिसला तरी त्यांची माणसं नदी सोडत नाहीत. जॅकेटला शिटीही असते. तीनदा वाजवली म्हणजे मी इथे आहे, आणि उलट तीन शिट्या ऐकू येईपर्यंत वाजवत राहायचं. ताईला चौदा नंबर मिळाला, मला पंधरा.

तिसऱ्या उतारावर बोट एका अंगाला कलली आणि ताई गेली. पिवळं हेल्मेट एकदा दिसलं, मग नुसता फेस. मिनिटभराने ती खडकाच्या पलीकडून उथळ पाण्यात शांतपणे चालत आली. गाइडने तिला बोटीत ओढून घेतलं. खोकली नाही, धापसुद्धा लागली नव्हती.

परतल्यावर ती शेडकडे यायला तयार होईना. गारठली असेल म्हणून मी तिला गाडीत बसवलं आणि दोघींचे बिल्ले मीच काढले. माझा फळ्याखालच्या डब्यात टाकला. तिचा निदान तिच्या हातात द्यावा म्हणून खिशात ठेवला, पण तिने हात पुढे केला नाही. फळा मोकळा बघून गाइडने शेडला कुलूप लावलं. गाडीकडे परतताना कुठूनतरी शिटी ऐकू आली. लांबू म्हणाला, दुसरी बोट असेल.

रविवार, दुपार

घरी आलो. ताईचे केस अजून ओले आहेत, काल दोनदा पुसून दिले तरी.

भांग उजवीकडे पाडलाय. चमचा डाव्या हातात. धक्क्याने माणूस असं वागत असेल, मी उगाच शंका काढतेय. पण हनुवटीवरची खूणही उजवीकडे आहे. ती मीच दिलेली, मी कशी विसरेन? आधी वाटलं मीच गोंधळले. मग ती बेसिनपाशी उभी राहिली आणि मी मागून आरशात पाहिलं. आरशातली ताई माझी होती, ओळखीची. वळली ती नव्हती.

ठमी म्हणत नाही. कालपासून मला पूर्ण नावाने हाक मारते.

सोमवार, संध्याकाळ

गाइडचा फोन आला. शनिवारपासून खालच्या घळीतून शिटी ऐकू येतेय, तीन-तीनदा. फळा मोकळा होता म्हणून त्यांनी शोध घेतला नाही, कुणी टवाळ असेल असं धरलं. तुम्हाला दुसरी बोट दिसली होती का, म्हणून विचारत होती.

मी म्हटलं, शोधा, ती माझी बहीण आहे. गाइड चकित झाली. बहीण घरी पोचली नाही का?

तेवढ्यात माझ्या हातातून फोन गेला. ओली, गार बोटं. ताईच्याच आवाजात, हसून: "मी इथेच आहे. अगदी मजेत."

गाइडने आभार मानून फोन ठेवला.

बिल्ला मी काढला. मीच.

मंगळवार, सकाळ

बसस्टॉपवरून लिहितेय, घरात तिच्यासमोर फोन करता येत नाही. गाइडला पुन्हा फोन केला. म्हणाली, बिल्ला आणून खिळ्याला लाव, बोट काढते, मग कोण कुठे आहे ते विचारणार नाही. लांबू संध्याकाळी सहाला गाडी घेऊन येतोय. त्याला एवढंच सांगितलं की ताईसाठी जायचंय.

शिटी पहाटेपासून थांबलीय म्हणाली.

माझी ताई तीन दिवस उत्तराची वाट बघत होती.

मंगळवार, संध्याकाळी पावणेसहा

बिल्ला घ्यायला घरी यावंच लागलं. मिळाला. मुठीत आहे. ती स्वयंपाकघरात. नळ चालू. पाणी माझ्या खोलीच्या दारापर्यंत आलंय — ती ते पुसत नाही —

लांबू अजून नाही.

शिटी.

तीनदा. अगदी क्षीण. जिन्यावरून —

पुन्हा. आता आमच्याच दाराबाहेर. ताई आहे. ताईच. चालत आली असेल, कशी का येईना — माझ्याकडे शिटी नाही, बिल्लाच दारावर तीनदा वाजवते —

नळ बंद झाला.

ती स्वयंपाकघरातून म्हणतेय, "ठमे, तू बस. मी उघडते" —

नाही, मी आधी