जुन्यांस अग्रक्रम

ती. मामा यांस,

भाचीने काळ्या हातांनी, परंतु स्वच्छ मनाने केलेला नमस्कार. आपली कंबर आता कशी आहे? मामींचा खोकला थांबला असावा. आपल्या शब्दावर खाणीच्या यार्डात मिळालेली माझी नोकरी अद्याप आहे. (‘अद्याप’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे.)

येथील कोळशाचा स्वभाव मानी आहे. फार दिवस ढिगात पडून राहिला की तो आतल्या आत तापतो आणि एके दिवशी धुमसू लागतो. म्हणून सर्वांत जुना ढीग आधी विकावा लागतो. आमचे मुकादम (यांना सगळे ‘भोंगा’ म्हणतात, मी मनातसुद्धा ‘भोंगासाहेब’ म्हणते) मला म्हणाले, “जुना माल आधी उचलायचा, अशी पाटी लिही.” मराठीत शाळेत पहिली आलेली मुलगी इतके ओबडधोबड वाक्य कसे लिहील? जेवणाची सुट्टी खर्चून मी ‘माल’ हा शब्द गाळला. उरला एकवचनाचा प्रश्न. जो आपल्याआधी येथे येऊन बसला आहे, त्याचा एकेरी उल्लेख माझ्याने होईना. मी आदरार्थी बहुवचन वापरले आणि फाटकावर सुवाच्य अक्षरांत पाटी लागली : ‘जुन्यांस अग्रक्रम’.

दुसऱ्या दिवशी लोहार रांग मोडून पुढे आले. “आम्ही बापजाद्यांपासूनचं गिऱ्हाईक!” त्यावर इस्त्रीवाले म्हणाले, “तुझा बाप आला तेव्हा माझा आजा इथंच उभा होता, हो मागे!” तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्यांनी हातगाडीवर उशी टाकून आपल्या सासूबाईंनाच आणले. त्यांच्याहून जुने यार्डात कोणी निघेना. अग्रक्रम मिळालेला प्रत्येक जण हक्काने ताजाच कोळसा मागे. जुन्या ढिगाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

चौथ्या दिवशी त्यातून धूर निघाला. ओरडायला हवे होते. मी टेबलाशी जाऊन मुकादमांना चिठ्ठी लिहिली : ‘ढिगातून धूर येत असल्याचे नम्रपणे निदर्शनास आणून देते.’ दुसऱ्या ओळीवर असताना (ऱ्हस्व-दीर्घाची एक शंका होती) ते स्वतःच धावत आले. लोडर लावून ढीग फोडला, पसरला, थंड केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, आग लागल्यावर तरी शुद्धलेखन सोडा!” शनिवारपर्यंत हा ढीग उचलला गेला नाही, तर सोमवारपासून मी घरी बसून निबंध लिहावेत, असेही त्यांनी सुचवले. सासूबाईंनी मात्र जाताना माझ्या अक्षराचे कौतुक केले.

असो. आपण माझी काळजी करू नये. हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी आहे.

आपली आज्ञाधारक भाची

ता. क. केवळ खुशालीसाठी नाही. आपल्या वीटभट्टीला कोळसा लागतोच. तो ढीग आपण घ्यावा. कोळसा चांगला आहे; थोडा तापट आहे, एवढेच.

पुन्हा ता. क. नकार द्यायचा असल्यास संकोच करू नये. तो ट्रकचालकांना सांगावा. हे पत्र त्यांनीच आपल्या हाती दिले आहे, आणि मागे ट्रक भरलेला आहे.