दुपारपर्यंत कोरडा

धुळे, १२ एप्रिल, सकाळ

तीर्थरूप आईस,
कामिनीचा शि. सा. नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे देते.

रागावू नकोस, पण तू पाठवलेले धोतराचे लंगोट पेटीतच आहेत. मी बटणांचे कापडी डायपर घेतले. बाहेरून पाणी न सुटणारं कापड, आतून मऊ, मध्ये खिसा. खिशात सुती घडी घालायची, धुऊन पुन्हा वापरायची. मी तान्ही असताना तुला दिवसाला वीस लंगोट लागायचे. हा काल सकाळी घातला, दुपारपर्यंत कोरडा. नंतरचाही कोरडाच. सासूबाई म्हणतात, पोर्‍या गुणी शे. दोन महिन्यांचं बाळ, पण कालपासून दूधही फारसं मागत नाही, नुसतं झोपतं. एवढ्या उन्हात झोप लागते हेच नशीब.

तुझी माया आहे तशी असू दे.
तुझी कामिनी

यावल, १२ एप्रिल, दुपार

चि. सौ. कामिनीस आईचे अनेक आशीर्वाद.
डायपर चांगला म्हणून कोरडा नाही गं. बाळाला लघवीच होत नाहीये. वीस लंगोट धुताना मी कुरकुरायचे, पण वीस मोजले की निर्धास्त असायचे.

खिशातली घडी काढून हाताला लावून बघ. तीही कोरडी असेल तर बाळाला घेऊन तडक दवाखाना गाठ. घुटी पाजत बसू नकोस.

शेजारच्या बन्सीलालने सात वेळा फोन लावला, तू उचलत नाहीस. त्यालाच पत्र देऊन गाडीत बसवते. वाटेतही लावत राहा म्हटलंय. मला फार भीती वाटते आहे.

देव तुम्हां दोघांना सांभाळो.
तुझी आई

धुळे, १३ एप्रिल

तीर्थरूप आईस नमस्कार.
बाळ झोपलं म्हणून मी फोनचा आवाज बंद ठेवला होता. बन्सीलालभाऊंची गाडी अमळनेरला आली तेव्हा त्यांचा फोन मी उचलला आणि तुझा निरोप कळला. घडी काढली, दोरीवरून उतरवली तशीच होती. टाळूवर हात ठेवला, खड्डा लागला. मी अनवाणीच रिक्षात बसले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, अंगातलं पाणी आटलंय, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर. एवढं म्हणून त्यांनी लगेच शीर शोधली. सलाईन लावलं, तरी तीन तास काहीच नाही. हितेंद्र बापाच्या जिवाने सारखे चादरीला हात लावून बघत होते. मला तर हात लावायचाही धीर होईना.

दिवेलागणीला मी त्याला उघडाच मांडीवर घेतला, आणि त्याने माझी साडी भिजवली. नर्स कोरडं कापड घेऊन आली. मी तिला थांबवलं आणि तासभर तशीच बसून राहिले.

आशीर्वाद दे. धीर अजून आलेला नाही.
तुझी कामिनी