उंदीर पडून राहिला

१२ नोव्हेंबर १९४४
वसंत सावनेरहून येऊन गेला. माझ्या नणंदेचा, प्रमोदिनीवन्संचा हा मुलगा तिथल्या जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर आहे. म्हणाला, "मामी, आईचे गुडघे संक्रांतीपर्यंत बरे झाले तर ठीक, नाही तर मी तिले घेऊन जातो. माहं घर बैठं आहे. इथल्या पायऱ्या तिच्यानं होत नाहीत." मी म्हटलं, अवश्य ने.
हे गेल्यापासून धंतोलीच्या या बंगल्यात आम्ही दोघीच आहोत. तेव्हापासून यांच्या आरामखुर्चीत मला एकदाही बसता आलेलं नाही, कारण तिच्यात वन्सं असतात. त्या गेल्या तर मला आनंदच होईल. हे मुद्दाम लिहून ठेवते.

१३ नोव्हेंबर
तरीपण गुडघे बरे करायचं ठरवलं आहे. त्यात माया वगैरे काही नाही. त्या कण्हतात आणि माझं वाचन मोडतं.
पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर बर्नाडेट निर्गुडीच्या पाल्याने गुडघे शेकायच्या आणि मग चॅपलमध्ये खुशाल त्याच गुडघ्यांवर प्रार्थनेला बसायच्या. अजून तो पाला चुरगळला की मला त्यांचे खळ घातलेले पांढरे झगे दिसतात. नेचर स्टडीत माझा पहिला नंबर असे. अर्क मीच काढणार.

१८ नोव्हेंबर
अर्क तयार. रंग काळपट हिरवा, वास भारदस्त. रॉकेल परमिटवर मिळतं, त्यातलं बरंच संपलं. पण शास्त्राला काटकसर चालत नाही.
वाटी घेऊन वन्संपुढे गेले. त्या म्हणाल्या, "वहिनी, माह्यावर काहून प्रयोग करून राहिल्या? आधी उंदराले द्या. तो वाचला तर मंग माह्याकडे या."
अपमान. नागपूरला येऊन तीस वर्षं झाली, पण हे 'करून राहिल्या, जाऊन राहिल्या' मी माझ्या मराठीला शिवू दिलेलं नाही. हेही तसंच बोलायचे. पण त्यांचं वेगळं होतं.

संध्याकाळी
ठीक आहे. उंदराला तर उंदराला.

२१ नोव्हेंबर
शेजारचे अनंतराव कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर आहेत. त्यांच्याकडून चार पांढरे उंदीर आणले. पद्धतही त्यांनीच सांगितली. गरम पाण्याच्या पातेल्यावर पितळी ताटली ठेवायची, चटका जाणवेल पण पोळणार नाही अशी. तीवर उंदीर सोडायचा. सोसेनासं झालं की तो कडेवरून खाली पडतो, म्हणून भोवती कापूस पसरायचा. औषध दिलेला उंदीर जास्त वेळ वर टिकला, तर औषधाने दुखणं कमी होतं असं समजायचं. "दोघाले औषध द्या, दोघाले देऊ नका, काकू. नाही तर ते शास्त्र होत नाही," म्हणाले. मला शास्त्र शिकवतात.
उंदरांना नावं ठेवू नका, लळा लागतो, असंही म्हणाले. मान्य.

२२ नोव्हेंबर
सर्वांत गुबगुबीत उंदराचं नाव मदर सुपीरिअर. ओळखायला सोपं जावं म्हणून. बाकीच्यांना ठेवणार नाही.

२३ नोव्हेंबर
बाकीच्यांनाही ठेवली.

२६ नोव्हेंबर, सकाळी
पहिली टेस्ट. मी भिंतीकडे तोंड करून बसले. बघवत नाही म्हणून नव्हे, घड्याळावरची नजर हलू नये म्हणून. उंदीर ठेवायला आणि तो काय करतो ते सांगायला आमची मोलकरीण जिजाबाई. ती आधी तयारच नव्हती. "पांढरा झाला म्हणून का उंदीर ससा होते का, बाई?" म्हणाली. शेवटी हाताला पदर गुंडाळून तिने मदर सुपीरिअरला ताटलीवर ठेवलं. जिजाबाई म्हणाली, "पडून राहिला."
मी लिहिलं: ताटलीवर शांत पडून राहिला. धावपळ नाही. वेदना शून्य.
पहिल्याच टेस्टला. सिस्टर बर्नाडेट असायला हव्या होत्या.

२८ नोव्हेंबर
चौघांच्या टेस्ट झाल्या. औषध दिलेले दोघे पडून राहिले. औषध न दिलेले दोघेही पडून राहिले. इथे मी जरा अडखळले. मग उलगडा झाला. अर्काचा वास खोलीभर असतो. नुसत्या वासाने जनावराचं दुखणं पळतं, म्हणजे अर्क माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ जालीम आहे.
दुपारी वन्संना निकाल सांगितला, उंदीर पडून राहिले म्हणून. त्यांना हसताना ठसका लागला. "पडून राहिले तं मंग औषध कायचं, वहिनी?"
मत्सर. दुसरं काही नाही. पाणी दिलं.

३ डिसेंबर
वन्सं उंदरांना भाकरी चारताना सापडल्या. प्रयोगात उघड ढवळाढवळ. वर मलाच म्हणतात, "लेकरं उपाशी काहून ठेवून राहिल्या?" मी म्हटलं, ती लेकरं नाहीत, ते सब्जेक्ट आहेत. "मंग त्याले मदर काहून म्हणता?" म्हणाल्या आणि जिजाबाईला डोळा घातला. ह्या वयात.
आजपासून बोलणं बंद.

५ डिसेंबर
बोलणं बंदच आहे. फार बरं वाटतं.

६ डिसेंबर
मीठ कुठे ठेवलं ते विचारावं लागलं. त्याला बोलणं म्हणत नाहीत. त्यांनी मात्र अर्धा तास उत्तर दिलं.

१७ डिसेंबर
आज अनंतरावांना मुद्दाम बोलावलं. वन्संची खुर्चीही खोलीत आणवली. विज्ञानापुढे सगळ्यांना मान तुकवावी लागते, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.
मी भिंतीकडे तोंड करून बसले. जिजाबाईने उंदीर ठेवला. "पडून राहिला," म्हणाली. मी वळून अनंतरावांना म्हटलं, बघितलंत?
ते म्हणाले, "बघितलं, काकू. पडला."
ताटली रिकामी होती. मदर सुपीरिअर कापसात मिशा पुसत होती.
मी जिजाबाईवर चिडले. पडून राहिला म्हणतेस आणि उंदीर खाली? ती म्हणाली, "पडून राहिला तवाच तं सांगतलं. पडल्यावर सांगून काय फायदा?" अनंतराव खाली बघत म्हणाले, "काकू, आमच्याकडे पडून राहिला म्हणजे पडतो आहे." मी म्हटलं, पडतो आहे, याला मराठीत पडतो आहे म्हणतात.
म्हणजे जिजाबाईने तोंड उघडलं तेव्हा प्रत्येक वेळी उंदीर ताटलीवरून खाली निघाला होता. औषधवालेही आणि बिनऔषधवालेही.
वन्सं हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर
प्रयोग बंद. अर्क मोरीत ओतायला काढला होता. वन्सं म्हणाल्या, "आणा ते वाटी इकडे. उंदराले समजत नाही तुमचं मराठी. माह्या गुडघ्याले समजते का पाहू."
लावला. त्यांची हौस म्हणून.

२७ डिसेंबर
रोज दिवेलागणीला अर्क लावून शेकते. त्या म्हणतात पाणी जास्त गरम. मी म्हणते शेकणं म्हणजे काय ते आधी समजून घ्या. त्या म्हणतात तुमचे हात दगडाचे. मी म्हणते तुमचे गुडघे दगडाचे. मग त्या यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगतात. हे झाडावरून पडले होते आणि घरी कुत्रं चावलं म्हणून सांगितलं. हे मला यांनी कधी सांगितलं नव्हतं. वेळेचा नुसता अपव्यय. तास तास जातो.

६ जानेवारी १९४५
सुधारणा निश्चित आहे. काल त्या अंगणातल्या नळापर्यंत गेल्या. परतताना जिजाबाईने धरून आणलं, पण जाताना एकट्या गेल्या हे महत्त्वाचं. संक्रांतीला वसंतचं तोंड बघण्यासारखं होणार.

१५ जानेवारी
वसंत तिळगूळ घेऊन आला. व्हरांड्याच्या पायऱ्यांपाशी उभा राहून म्हणाला, आई, चढून दाखव. वन्सं पदर खोचून निघाल्या. दोन पायऱ्या चढल्या. तिसरीवर कठड्याला धरून खाली बसल्या. चेहरा पांढरा झाला होता. वसंतने विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "दुखून राहिलं."
मी ताबडतोब पुढे झाले. वसंतला सांगितलं, ऐकलंस ना? दुखायचं राहिलं, म्हणजे थांबलं, असं म्हणताहेत त्या. आमच्या मराठीत असंच असतं.
वसंत हळूच म्हणाला, "मामी, मले मराठी समजते."
वन्सं त्याला म्हणाल्या, "थांब ना गा जरासा. मामी म्हणते तसंही असू शकते." पण उठायला त्यांना दोघांचे हात लागले.

१६ जानेवारी
सकाळच्या मोटारीने गेल्या. मी बाटलीभर अर्क भरून दिला आणि शेकताना पाणी किती गरम हवं ते वसंतला तीनदा सांगितलं. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "उंदरायले उपाशी ठेवू नका." एवढंच. तीस वर्षांचा सहवास आणि निरोप काय, तर उंदीर.
आरामखुर्ची मोकळी झाली. उद्यापासून तिच्यात बसून पुष्कळ वाचणार.

१८ जानेवारी
घर शांत. वाचनाला उत्तम. एक पान झालं.
खुर्ची माझ्या मापाची नाही.

२१ जानेवारी
वन्संचा निष्काळजीपणा बघा. कपाटात चष्मा विसरून गेल्या. तिथे पोथी कशी वाचत असतील? टपालाने पाठवला तर फुटेल. म्हणजे आता मलाच सावनेरला जावं लागणार, आणि एवढं गेलं की चार दिवस राहणं आलं. पिंजरा अनंतरावांकडे ठेवता येईल. नसता ताप. जिजाबाईला बॅग काढायला सांगितली.

दुपारी
जिजाबाई म्हणते, "बाई, हा तं तुमचाच जुना चष्मा होय. त्यायचा त्या डोळ्यावर घालूनच गेल्या."
असेल. पण खात्री केलेली बरी. उद्या सकाळच्या मोटारीने जाऊन त्यांच्या डोळ्यांवर लावून बघते.