पाचव्यांदा मेले तर

मी, घरीदारी जिला सगळे भिंगरी म्हणतात ती, वय चोवीस, शिक्षण नववीपर्यंत, पत्ता कधी एका जागी टिकला नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना आणि पूर्ण रागात लिहून ठेवते. राग आहे म्हणून डोकं ठिकाणावर नव्हतं, असं मागाहून कुणी म्हणू नये. उद्या सकाळी माझ्या फुफ्फुसाचं ऑपरेशन आहे.

एका रॉक बँडच्या व्हिडिओंमध्ये मी 'ती मुलगी' होते. अशा व्हिडिओत ती मुलगी लागतेच. पांढरा झगा घालून अनवाणी पळते, एकदा मागे वळून बघते आणि मरते. मधेमधे बँड रिकाम्या गोदामात वाजवतो. ऐकायला कुणी नसतं, तरी गायक घामाघूम. (त्या पडक्या गोदामात गिटारला वीज कुठून मिळते, असं मी एकदा विचारलं होतं. सगळे माझ्यावरच हसले.) शेवटी तो पावसात भिजून रडतो. मी अशी चार वेळा मेले: गाडीखाली, आगीत, गच्चीवरून आणि पाण्याच्या टाकीत. बोलायला वाक्य एकदाही मिळालं नाही.

कलम १. मोटारसायकल आणि तंबू मावशीला. तिनेच मला वाढवलं. तिने गाडी विकू नये, शिकावी. इस्त्रीच्या दुकानात उभं राहून पाय सुजलेत तिचे, एकदा बसून कुठेतरी जाऊ दे. मावशी, मागचा ब्रेक उशिरा लागतो, सांभाळ.

कलम २. पांढरा झगा गायकाला. पुढच्या वेळी त्याने तो घालून अनवाणी पळावं. गोदामातल्या काचा कुणी झाडत नाही, हे त्याला आपोआप कळेल.

कलम ३. माझा चेहरा. परवा गायक फुलं घेऊन आला. माझा हात धरला आणि खिडकीतल्या उजेडाकडे बघत म्हणाला, "तुला काही झालंच ना, तर पुढचं गाणं तुझ्यासाठी. ब्लॅक अँड व्हाइट. नुसती रिकामी खुर्ची."

"आणि वाचले तर?"

"वेडे, वाचशीलच की," म्हणाला, पण तोंड उतरलं.

म्हणून माझा चेहरा, पाठ, सावली आणि ती खुर्चीसुद्धा त्याने वापरायची नाही. ही सगळी मालमत्ता मावशीची.

कलम ४. टाकीतला आवाज. व्हिडिओला गाणं वरून लावतात, शूटिंगचा मूळ आवाज फेकून देतात. कॅमेरावाल्या दादाने हा फेकला नाही. टाकीत माझा झगा तळाच्या कडीत अडकला होता. टाकीतलं तेच घाण पाणी फुफ्फुसात गेलं, म्हणून उद्याचं ऑपरेशन. मावशी मोबाइलवर व्हिडिओ बघून विचारायची, "ओठ हलतात गं तुझे, काय बोलतेस?" मी सांगायचे, "काही नाही, अभिनय."

बँडच्या पुढच्या कार्यक्रमात मावशीला पहिल्या रांगेत बसवावं. स्टेजमागचा व्हिडिओचा पडदा दादाच सांभाळतो. त्याने टाकीचा प्रसंग गाणं बंद करून, मूळ आवाजासकट दाखवावा. त्यात मी ओरडते, "झगा अडकलाय! खरंच बुडतेय, काढा मला!" आणि मागून गायक, अगदी स्वच्छ: "थांबवू नका रे, भारी करतेय."

कलम ५. मी वाचले तर मोटारसायकल माझी. कलम ४ तसंच राहील, फक्त पहिल्या रांगेत दोन खुर्च्या लागतील.

साक्षीदार:
१. शेजारच्या खाटेवरच्या काकू. (वाचून म्हणाल्या, "इतकं वाईट लिहू नये गं." सही केल्यावर म्हणाल्या, "तीन खुर्च्या कर.")
२. कॅमेरावाला दादा

स्थळ: खिडकीजवळची खाट
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी
सही: भिंगरी